एक्सरेमावशीची संशयवही

समोरून माणूस आला की एक्सरेमावशीला आधी त्याचे हात दिसायचे, मग खिसे, मग पिशवी, आणि वेळ उरलाच तर तोंड. त्यात तिचा तरी काय दोष? हातमोजे शिवायच्या कारखान्याच्या फाटकावर तिनं बावीस वर्षं बायकांची झडती घेतली होती. संध्याकाळचा भोंगा झाला की दोनशे बायका रांगेत उभ्या राहायच्या आणि मावशी एकेकीला पडद्यामागे घ्यायची. दोऱ्याची रिळं अंबाड्यात सापडायची, सुया साबणाच्या वडीत खोचलेल्या असायच्या, कातड्याचे तुकडे पोटाला बांधलेल्या फडक्याखाली. एकीनं तर धडधाकट हात प्लास्टरमध्ये घालून आणला होता. "आठ दिवसांत प्लास्टर डाव्या हातावरून उजव्यावर गेलं," मावशी सांगायची, "तेव्हा म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय."

घरीही तिची ड्यूटी संपायची नाही. नवरा बसचा निवृत्त ड्रायव्हर, स्वभावानं गरीब. तो बाहेरून आला की कुणी न सांगता दोन्ही हात वर करून दारात उभा राहायचा. त्याला वाटायचं ही गंमत आहे. मावशी मात्र खिसे बघूनच त्याला आत घ्यायची.

शाळा तिनं चौथीत सोडली होती. तरी कारखान्यात रोजच्या झडतीची नोंद ठेवावी लागायची, म्हणून ती लिहायला शिकली. अक्षर टपोरं, ओळ उताराला लागलेली, आणि शब्द जसा ऐकला तसा लिहिलेला. 'संशयित' हा शब्द तिच्या वह्यांमध्ये शेकडो वेळा आला होता आणि क्वचितच दोनदा एकसारखा.

कारखाना बंद पडला तेव्हा मावशीला नगर वाचनालयाच्या दारावर काम मिळालं. बाहेर जाणाऱ्याची पिशवी उघडायची, पुस्तकावर शिक्का आहे का, चिठ्ठी आहे का ते बघायचं. "इथं चोरणार काय? कागद?" असं ती पहिल्या दिवशी नवऱ्याला म्हणाली. आठवड्याभरानं म्हणाली, "लोक कागदसुद्धा चोरतात हो." छत्रीत, डब्यात, बाळाच्या दुपट्यात तिला पुस्तकं सापडली. एक्सरे हे नाव तिला तिथंच पडलं.

त्या वर्षी वाचनालयात नवी ग्रंथपाल आली. तिशीच्या आतली, बारीक चणीची, सारखी हसणारी. मावशीला सारखं हसणारी माणसं खपत नसत. या ग्रंथपालबाईंनी जवळच्या शाळेतून पंधरा मुलं मागून घेतली. बारा-तेरा वर्षांची, वाचनात पार मागे पडलेली. शाळेलाही ती दुपारभर नजरेआड गेलेली हवीच होती. दर बुधवारी ती यायची, लांब टेबलाभोवती बसायची आणि समोर ठेवलेल्या पुस्तकांकडे अशी बघायची की जणू ताटात खिळे वाढलेत.

"ज्याला पोहायचंच नाही तो टॉवेल घेऊन नदीवर कशाला येतो?" मावशी म्हणाली. "काहीतरी काळंबेरं आहे."

ग्रंथपालबाईंनी पहिले तीन महिने चांगली चांगली पुस्तकं दिली. त्यात शूर मुलं होती, प्रामाणिक मुलं होती, आईचं ऐकणारी मुलं होती. एका मुलानं असलं पुस्तक पाऊण तास उलटं धरलं. माजी मुख्याध्यापकांनाही एकदा बोलावलं. हे गृहस्थ रोज सकाळ-दुपार वाचनालयात खिडकीजवळच्या खुर्चीत बसत. पांढराशुभ्र सदरा, नाडी बांधलेली फाइल. त्यांनी मुलांना वाचनाचं महत्त्व सांगितलं. दोन मुलं झोपली, तिसऱ्याला झोप येईना म्हणून त्यानं बाकाला च्युइंगम चिकटवलं.

आणि मग पानं जायला लागली.

वाचनालयात एक घरगुती साप्ताहिक यायचं. त्याच्या अंकांतून पानं कापलेली निघाली. फाडलेली नव्हेत, सरळ रेषेत ब्लेडनं कापलेली. वाचनालयाचे कार्यवाह, म्हणजे समितीचा कारभार बघणारे गृहस्थ, हातात पाच अंक घेऊन आले. त्यांना हा बुधवारचा उद्योग पहिल्यापासून पसंत नव्हता.

"दोन महिने देतो," ते ग्रंथपालबाईंना म्हणाले. "चोर सापडला तर ठीक, नाही तर बुधवार बंद." मग मावशीकडे वळले. "तुम्ही डोळ्यांत तेल घालून बघा."

हे मावशीला सांगायला नको होतं. तिनं शंभर पानी वही आणली. पहिल्या पानावर कापलेल्या पानांची यादी केली आणि पुढे मुलांच्या नोंदी. मुलांना तिनं नंबर दिले, कारण नाव काय, कुणीही काहीही सांगतं.

'तीन नंबर. खिडकीत उभा. समोरच्या गच्चीवर कबुतरं. बोटांवर मोजतो. खाणाखुणा?'

'पाच नंबर. दाराची बिजागरी दोनदा चाचपली. पळायची वाट बघतो.'

'नऊ नंबर. पुस्तकाला हात नाही. खिशात औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद. उघडतो, घडी घालतो. आई आजारी म्हणे. खात्री करणे.'

'अकरा नंबर. दुसऱ्या मुलींच्या वेण्या सोडते, परत घालते. हात फार चपळ.'

'सात नंबर. मुलगी. एक शब्द बोलत नाही. सारखी माझ्या हातांकडे बघते. चोर आधी पहारेकऱ्याचे हात बघतो. हीच.'

तिसऱ्या बुधवारी संध्याकाळी वही मावशीच्या टेबलाच्या खणातून नाहीशी झाली.

मावशीनं सगळी इमारत पालथी घातली. झाडूवालीची बादली उपडी करून बघितली. सकाळी येऊन खण उघडला तर वही जागेवर! पण वहीवर तिनं ठेवलेली टाचणी उजव्या कोपऱ्यात होती, ती डाव्या कोपऱ्यात गेली होती. ती तडक ग्रंथपालबाईंच्या खोलीत गेली.

"माझ्या खणाला कोणी हात लावला?"

"मीच, मावशी. विचारायला हवं होतं, चुकलं माझं." ग्रंथपालबाई हसत नव्हत्या, म्हणजे बाब गंभीर होती. "रात्री घरी नेऊन सगळी वाचली. मला तीन महिन्यांत जे दिसलं नाही ते तुम्हाला तीन बुधवारांत दिसलं. कोण कशाकडे बघतं, कोण कशाला हात लावतं. मी नुसती पुस्तकं दाखवत बसले, मुलांकडे बघितलंच नाही."

कुणी कौतुक केलं की मावशी आधी आपली पर्स चाचपायची. आताही तिनं तेच केलं.

पुढच्या बुधवारपासून टेबलावर भलतंच सामान दिसायला लागलं. कबुतरं पाळणाऱ्यांसाठी कुणीतरी छापलेली मळकट पुस्तिका. कुलपं-बिजागऱ्या विकणाऱ्या दुकानाचे जुने कॅटलॉग. केशरचनेची चित्रांची पुस्तकं, प्रत्येक चित्राखाली पायरीपायरीनं मजकूर. नऊ नंबरच्या मुलाशेजारी ग्रंथपालबाई स्वतः बसल्या आणि त्याच्या खिशातला तो औषधाचा कागद दोघांनी मिळून वाचला. 'चक्कर येणे' हे शब्द त्यानं स्वतः लावले आणि म्हणाला, "मग ते आजारानं नाही होत? गोळीनं होतं?" पुढच्या वेळी त्यानं तीन कागद आणले.

मावशीला हे लक्षण ठीक दिसेना. कॅटलॉग वाचायला वाचनालय कशाला? बाईंचं त्या दुकानाशी काही साटंलोटं तर नाही? ती मुद्दाम वाट वाकडी करून दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, रद्दीत घालणार होतो, त्यांनी मागितले, दिले. "फुकट?" मावशीनं विचारलं. "फुकट." तिचा संशय आणखी बळावला.

सगळ्यांनाच काही गोडी लागली नाही. बारा नंबर आधी झोपायचा, नंतरही झोपायचा. पण टेबलावरची कुजबुज बदलली होती. पाच नंबर आणि तीन नंबर खुराड्याच्या दाराला कुठली बिजागरी लागेल यावर भांडत होते, आणि भांडण जिंकायला छापील ओळीवर बोट ठेवत होते.

कार्यवाहांनी हे बघितलं आणि त्यांनी मावशीची वही मागितली. वही आणि कापलेले अंक शेजारीशेजारी ठेवून ते म्हणाले, "वा! अनुक्रमणिकेत बघा कुठली पानं गेलीत ती. कबुतरांचे आजार. केसांची निगा. दाराची कुरकुर कशी थांबवावी. आणि तुमच्या मुलांच्या आवडी काय? हाच पुरावा! तुम्ही चटक लावलीत, त्यांनी हात मारला."

ग्रंथपालबाईंचा चेहरा उतरला. "पण पानं जायला लागली तेव्हा मी यातलं काहीच दिलं नव्हतं."

"तेव्हाही आवडी होत्याच की," कार्यवाह म्हणाले.

मावशीनं मान डोलावली, पण तिची नजर सात नंबरवरून हटली नव्हती. आणि एवढ्या मुलांत ग्रंथपालबाईंनाही ती एकच मुलगी उलगडत नव्हती. तिच्यापुढे प्राणी ठेवले, ग्रह ठेवले, शिवणकाम ठेवलं. ती पुस्तक मिटायची आणि दाराकडे बघायची. एके दिवशी बाईंनी विचारलं, "तुला काय वाचायला आवडेल गं?"

पहिल्यांदाच ती बोलली. "मावशींना कसं कळतं?"

"काय कळतं?"

"कुणी काय लपवलंय ते."

त्यावर पुस्तक नव्हतं. निदान या वाचनालयात तरी नव्हतं. ग्रंथपालबाई दारापाशी आल्या. "मावशी, कारखान्यातल्या तुमच्या नोंदवह्या आहेत का अजून?"

"आहेत. कोण विचारतंय?"

"सात नंबरला वाचायच्या आहेत."

मावशी उसळली. "छे, छे! त्यात कारखान्याची गुपितं आहेत." कारखान्याच्या जागेवर आता मोठी गोदामं उभी होती, गुपितं ऐकायला तिथं कोणी उरलं नव्हतं. खरं कारण वेगळंच होतं. ते अक्षर, ते शब्द एखाद्या पोरीनं बघावेत, आणि तेही वाचनालयात, याची मावशीला लाज वाटत होती.

पण घरी गेल्यावर तिच्या डोक्यात वेगळं चक्र फिरलं. पोरगी शेजारी येऊन बसेल. तास तास बसेल. तिचे हात, तिचं दप्तर, सगळं हाताच्या अंतरावर. याहून चांगला सापळा कुठला? पुढच्या बुधवारी तिनं सर्वांत जुनी वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणली आणि दाराजवळ आपल्या खुर्चीशेजारी एक स्टूल ठेवलं.

"घरी न्यायची नाही. पान दुमडायचं नाही. थुंकी लावून पान उलटायचं नाही. वाच."

सात नंबर बोट ठेवून वाचायला लागली. "सं-ध्या-का-ळी. संध्याकाळी... प-ड-द्या... मागे." एक पान वाचायला वीस मिनिटं लागली. मावशी तिच्या बोटांवर नजर ठेवून होती. प्लास्टरवाल्या बाईची नोंद आली तेव्हा पोरगी अडखळत शेवटपर्यंत गेली, क्षणभर थांबली आणि एकदम फसकन हसली. मावशीनं दचकून आपली चावी जागेवर आहे ना ते बघितलं.

दुसऱ्या बुधवारी तीन पानं झाली. मग गुरुवारी दुपारी सात नंबर दारात हजर.

"आज बुधवार नाही," मावशी म्हणाली.

"माहितीय." ती स्टुलावर बसली.

हे तर फारच संशयास्पद होतं. मावशीनं वहीत लिहिलं, 'न बोलावता येते.' पण चहा आला तेव्हा तिनं दुसरा कप मागवला.

ती मुलगी वाचायची कशी, हे सांगायला हवं. ती नुसती पुढे जात नसे. "मावशी, इथं म्हटलंय डब्यात काही नव्हतं, आणि खाली म्हटलंय डबा जड होता. रिकामा डबा जड कसा?" मावशीला बावीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, साहेबांनीसुद्धा. "दुहेरी तळ होता," ती म्हणाली. "लिहायचं राहिलं." मुलीनं तिच्याकडे असं बघितलं की मावशीला पहिल्यांदाच पडद्याच्या पलीकडच्या बाजूला उभं राहिल्यासारखं वाटलं.

आणि एक दिवस ते पान आलं. वर लाल पेन्सिलीची रेघ होती. मुलीनं वाचलं, आता ती बऱ्यापैकी सलग वाचत होती: "तिसऱ्या टेबलावरची. पिशवीत सापडलं. रडली. कामावरून कमी केली."

ती थांबली. "काय सापडलं?"

"सुयांची डबी."

"ते लिहिलं नाही. बाकी सगळीकडे लिहिलंय, कुठं सापडलं, कशात लपवलं होतं. इथं काहीच नाही." तिनं परत ओळीवर बोट ठेवलं. "ती काय म्हणाली?"

"चोर काय म्हणणार?"

"पण काय म्हणाली ते का नाही लिहिलं?"

मावशीनं वही तिच्या हातातून ओढून घेतली आणि खणात टाकून कुलूप लावलं. "उशीर झालाय. घरी जा."

दोन महिन्यांची मुदत संपायला एक बुधवार उरला होता. त्या बुधवारी कार्यवाहांनी फर्मान काढलं की प्रत्येक मुलाची झडती घ्यायची. आणखी एक अंक कापलेला निघाला होता. मुलं रांगेत उभी राहिली. मावशीनं एकेकाचं दप्तर उघडलं. सात नंबरच्या कंपासपेटीत, खोडरबराखाली, कागदात गुंडाळलेलं ब्लेड होतं.

मावशीला त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता. पहिल्या दिवसापासून ती म्हणत होती, हीच. कार्यवाह चार पावलांवर उभे होते. मुलगी आज मावशीच्या हातांकडे बघत नव्हती, तोंडाकडे बघत होती.

"सापडलं का काही?" कार्यवाहांनी विचारलं.

मावशीच्या मुठीत ब्लेड होतं. "नाही," ती म्हणाली. नोकरीच्या उभ्या आयुष्यात ती पहिल्यांदाच खोटं बोलली.

मुलं गेल्यावर तिनं सात नंबरला स्टुलावर बसवलं. ग्रंथपालबाईंनाही बोलावलं. मूठ उघडली.

"हे काय?"

"पेन्सिल तासायला. शार्पनर हरवला."

"कशावरून खरं?"

मुलीनं पेन्सिल काढून दिली. मावशीनं ती चष्म्यासमोर फिरवली. टोकाला शार्पनरचा गोल उतार नव्हता, ब्लेडचे ओबडधोबड काप होते, बरेच दिवसांचे. मावशीनं पेन्सिल परत केली, पण ब्लेड ठेवून घेतलं. मग काय मनात आलं कोण जाणे, तिनं संशयवहीचं पहिलं पान उघडून मुलीपुढे ठेवलं.

"हे वाच. एवढी पानं गेलीत. तुला काय दिसतं सांग."

मुलगी मोठ्यानं वाचायला लागली. "कबुतरांचे आजार, पान एकतीस. केसांची निगा, पान एकतीस. दाराची कुरकुर, पान एकतीस..." ती खाली खाली गेली. "मावशी, सगळी एकतीसच आहेत."

"मग?"

"ज्याला कबुतरं हवीत त्याला कबुतरं कुठल्याही पानावर चालतील ना? हा माणूस एकतीसच का कापतो?" तिनं मान वर केली. "त्याला ही बाजू नकोच असेल."

ग्रंथपालबाई उठल्याच. टेबलावरचा या आठवड्याचा, अजून शाबूत असलेला अंक त्यांनी आणला. पान एकतीस: पाण्याची टाकी कशी धुवावी. पान उलटलं. पान बत्तीस: शब्दकोडं, आडवे शब्द आणि उभे शब्द. अनुक्रमणिकेत शब्दकोड्याचा उल्लेख नव्हता, त्यामुळे कुणाचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

"वाचता येत नाही म्हणून ज्यांना इथं आणतात," बाई सावकाश म्हणाल्या, "ती मुलं शब्दकोडी चोरतील?"

मावशीनं डोळे मिटले. रोजच्या वाचकांची रांग तिच्या डोळ्यांपुढून सरकली, प्रत्येकाच्या पिशवीसकट. एकच माणूस असा होता की ज्याची झडती तिनं एकदाही घेतली नव्हती. तो जाताना ती उठून उभी राहायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी माजी मुख्याध्यापक खुर्चीतून उठले. फाइल काखेत. दारापाशी मावशी आडवी आली.

"सर, फाइल."

"माझी?" त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा चढला. दोन-तीन माना वळल्या.

"इथं नको, सर. आत चला." तिनं त्यांना बाईंच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. फाइलची नाडी त्यांनी स्वतःच सोडली. कालपर्यंत टेबलावर असलेलं पान वरच होतं. त्याखाली बाकीची, व्यवस्थित, तारखेवार. चष्म्याच्या खोक्यात अर्धं ब्लेड.

मावशीनं वही उघडली. "तुम्ही काय म्हणता ते मला लिहून घ्यायचंय, सर."

सरांनी पानांच्या कडा एकसारख्या केल्या. मग म्हणाले, "पूर्वी आमच्याकडे हा अंक यायचा. आम्ही दोघं सोडवायचो. आडवे शब्द मी, उभे ती. ती गेल्यावर अंक बंद केला. इथं येऊन बघतो तर लोक पेननं भरून ठेवतात. आणि चुकीचे भरतात हो!" शेवटचं वाक्य ते फार तळमळीनं बोलले. मावशीनं ते सगळं लिहिलं, उभे आणि आडवेसकट.

कार्यवाहांनी प्रकरण तिथंच मिटवलं. सरांचं नाव कुठंही आलं नाही. बुधवार मात्र चालू राहिला. "निदान मुलांची माफी तरी मागा," ग्रंथपालबाई म्हणाल्या. कार्यवाह म्हणाले, बघू. पुढे काही झालं नाही. कार्यवाहांना आधीपासून माहीत होतं की काय, असा मावशीला संशय होता आणि तो शेवटपर्यंत गेला नाही. सर महिनाभर फिरकले नाहीत. मग आले, आणि जाताना फाइल आपणहून उघडून दाखवायला लागले. मावशी नीट बघायची.

पुढच्या बुधवारी तिनं खणाचं कुलूप काढून लाल रेघेचं पान सात नंबरपुढे ठेवलं.

"ती म्हणाली होती, डबी माझी नाही. शपथ घेतली. मी लिहिलं नाही." मावशी वाचकांच्या पिशव्यांकडे बघत बोलत होती. "दोन महिन्यांनी कळलं, शेजारच्या टेबलावरच्या बाईनं तिच्या पिशवीत टाकली होती. भांडण होतं दोघींचं."

"मग तुम्ही कुणाला सांगितलं?"

"नाही. साहेब म्हणाले असते, तुमचं कामच चुकतं. घाबरले."

मुलीनं तिला बरं वाटेल असं काही सांगितलं नाही. तिनं फक्त पेन्सिल पुढे केली. "मग आता लिहा."

मावशीनं लिहिलं. 'निर्दोष' शब्दापाशी ती अडली. "र कुठं द्यायचा गं?" "द वर," सात नंबर म्हणाली आणि हवेत बोटानं रफार काढून दाखवला.

त्या रविवारी मावशी नवऱ्याला घेऊन त्या बाईच्या शोधात निघाली. जुन्या कामगारांकडे विचारत विचारत पत्ता मिळाला. ती बाई आता शिवणकामाचं छोटं दुकान चालवत होती. केस पांढरे झाले होते. तिनं मावशीला बघताक्षणी ओळखलं. तिनं आपली पिशवी काउंटरवर ठेवली आणि पिशवीचं तोंड उघडून ती मावशीकडे सरकवली.

"घ्या. बघा."

मावशीनं पिशवीला हात लावला नाही. वहीतलं पान वाचून दाखवलं, सगळं, नव्यानं लिहिलेल्या ओळींसकट. बाईनं ऐकून घेतलं. "झालं?" ती म्हणाली. "माझं गिऱ्हाईक थांबलंय." आणि ती मशीनकडे वळली. परत येताना नवरा बसमध्ये म्हणाला, "जाऊ दे, तू गेलीस हे बरं केलंस." मावशी खिडकीबाहेर बघत राहिली. तिला स्वतःचाही भरवसा वाटत नव्हता, की आपण त्या बाईसाठी गेलो होतो की आपल्यासाठी.

ग्रंथपालबाई पुढे दोन वर्षं होत्या. बुधवारची मुलं बदलत गेली. प्रत्येक नव्या तुकडीच्या पहिल्या दिवशी मावशी दाराशी वही घेऊन बसायची आणि बाई संध्याकाळी ती वही रीतसर मागून न्यायच्या. नऊ नंबरनं औषधांवरचं जाड पुस्तक अर्धं संपवलं. अकरा नंबरनं केशरचनेच्या पुस्तकातल्या दोन चुका काढल्या. बारा नंबरचं काय झालं कुणास ठाऊक.

सात नंबर कारखान्याच्या सगळ्या वह्या वाचून मोकळी झाली. मग तिनं बोटांच्या ठशांवरचं पुस्तक मागितलं, मग विषांवरचं, मग कोर्टातल्या खटल्यांचं. प्रत्येक पुस्तकात कुठं काय लपवलंय हे ती येऊन मावशीला सांगायची. "लेखक इथं काहीतरी गाळतोय, मावशी." ती जाताना मावशी तिचंही दप्तर तपासायची. दोघींनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही.

मावशी निवृत्त झाली. सात नंबर शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात गेली. तिथल्या प्रयोगशाळेत नमुने तपासायचं काहीतरी शिकते म्हणे. परवा तिचं पत्र आलं. हातानं लिहिलेलं, चांगलं तीन पानी. मावशीनं ते उजेडात धरून वाचलं. मग खिडकीशी बसून दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा, पाकिटाच्या आत काही राहिलंय का ते बघून.

"काय म्हणते पोरगी?" नवऱ्यानं विचारलं.

"काही नाही. बरी आहे म्हणते. माझी आठवण येते म्हणते."

"मग चांगलंच आहे की."

"तीन पानं," मावशी चष्मा पुसत म्हणाली. "आणि मागितलं काहीच नाही. तेच मला खटकतंय."